सोनारसभेतली पाटी

१० जानेवारी १९९९, रविवार. ताइपिंग, मलेशिया

आज सोनारसभेत जाऊन आले. जन्मापासून ह्याच गावात राहते, पण त्या दाराचा उंबरा ओलांडला तो आज, आणि तोही पाहुणी म्हणून. हल्ली दर रविवारी सकाळी सभाघर लोकांना बघायला खुलं ठेवतात. लहानपणी त्या गल्लीशी आलो की आई माझा हात धरून वळसा घालून न्यायची. बाबा तर मरेपर्यंत तिकडे फिरकले नाहीत.

आत काही विशेष नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. घर देखणं आहे. कथलाच्या खाणी जोरात होत्या, गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, तेव्हाचं बांधकाम. काळेभोर लाकडी खांब, मधला चौक उघडा, आदिगुरूच्या देव्हाऱ्यापुढे लाल कापडावर कसोटीचा दगड. मागच्या खोलीत भिंतभर पाट्या. गेलेल्या कारागिरांची नावं, काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरांत. काही जिवंत सभासदांनीही आपली जागा आधीच धरून ठेवली आहे. त्यांच्या पाट्यांवर लाल कागद डकवलेला असतो. माणूस गेला की कागद काढायचा. थोंग हे आमचं आडनाव तिथे नाही हे मला ठाऊक होतं. तरी सगळ्या ओळी वाचल्या.

वेताच्या खुर्चीवर मोककाका बसले होते. त्र्याऐंशी वर्षांचे. पाहुण्यांना माहिती सांगायचं काम त्यांच्याकडे आहे. मला पाहिलं आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. ते पुरते उभे राहायच्या आत मी बाहेर पडले.

१३ जानेवारी

तीन दिवस डोक्यात तेच चाललंय. लिहून काढते.

मर्डेकाच्या, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच्या, आदल्या वर्षीची गोष्ट. मी तेरा वर्षांची. बाबांनी एका लग्नासाठी बांगड्यांची जोडी घडवली होती, एकीवर ड्रॅगन आणि एकीवर फिनिक्स पक्षी, नवरीला देतात तशी. लग्नाच्या जेवणातच एक बांगडी तुटली आणि आतून लाल दिसली. सोन्याच्या पत्र्याखाली तांबं. सभा बसली. कस लावायचं काम मोककाकांचं. त्यांनी बांगडी दगडावर घासली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हिणकस आहे. झालं. बाबांचं नाव काढून टाकलं आणि त्यांची ऐरण, फुंकणी, मूस सगळं उचलून रस्त्यावर ठेवलं.

बाबा आणि मोककाका एका गुरूच्या हाताखाली शिकलेले, एका मच्छरदाणीत झोपलेले. गुरुबंधू म्हणे.

त्यानंतर बाबांनी बाजाराच्या जिन्याखाली बसून घड्याळं दुरुस्त केली. चाळीस वर्षं. गावात त्यांचं नाव पडलं 'तांब्या थोंग'. मी शाळेत गेले की मुली माझ्या पुढ्यात एक तांब्याचं नाणं टाकायच्या, आणि कुणाच्या हातून पडलं म्हणून विचारायच्या. पुढे औषधवाल्या यिपांच्या मुलाशी माझं जमत आलं होतं. त्याच्या आजीनं विचारलं, "कुठल्या थोंगांची?" आणि जमत आलेलं तिथेच थांबलं.

बाबा स्वतःच्या बाजूनं कधी एक शब्द बोलले नाहीत. निर्दोष माणूस असाच गप्प राहतो. अपराधी बडबडतो. शाळेत शिकवताना इतकी वर्षं मी हेच पाहिलं. आणि बाबा बाजूला झाल्यावर लग्नांची सगळी कामं कुणाकडे गेली? मोककाकांकडे. बांगडी कुणी बदलली असेल हे समजायला आणखी काय लागतं?

मला मात्र त्या वर्षातलं डोळ्यांनी पाहिलेलं फार आठवत नाही. छातीच्या दुखण्यानं मी बराच काळ अंथरुणालाच खिळलेली होते.

१९ जानेवारी

सभेचे अध्यक्ष लॅम यांना भेटले. नव्या बाजारसंकुलात त्यांचं काचेचं झगझगीत दुकान आहे. पंचेचाळिशीचा माणूस, केस तेलानं मागे वळवलेले. त्यांची धाकटी मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून 'बाई, बाई' करत कॉफी मागवली.

म्हटलं, माझ्या वडिलांची पाटी सभाघरात लागली पाहिजे. यंदाच्या छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी.

ते बोटातली अंगठी फिरवू लागले. मग म्हणाले, त्यांची स्वतःची काही हरकत नाही. उलट जुना अन्याय दूर झाला तर सभेचंच नाव होईल, वर्तमानपत्रात येईल, हल्ली लोकांना अशा गोष्टी ऐकायला आवडतात. पण नियम आड येतो. ज्यानं कस लावला त्यानं आपला शब्द मागे घेतल्याशिवाय काढलेलं नाव परत घेता येत नाही.

"आणि मोककाकांनी जन्मात शब्द मागे घेतलेला नाही, बाई. अजून दोन सोनारांचं भांडण झालं की लोक त्यांच्या दारात जातात. ते म्हणाले खरं, की खरं."

मी म्हटलं, मग आता म्हणतील खोटं.

२४ जानेवारी, रविवार

पुन्हा गेले. सिंगापूरचे काही पाहुणे होते, ते जाईपर्यंत चौकात थांबले. मग समोर जाऊन उभी राहिले.

मोककाकांनी दुसरी खुर्ची ओढून दिली. मी बसले नाही. बाबांचं शेवटचं दुखणं कसं होतं, फार हाल झाले का, असं विचारू लागले. मी सांगितलं की चौकशीला आलेली नाही. काय हवं आहे ते सांगितलं.

ऐकून घेतलं. हात मांडीवर दाबून धरले.

"आ-क्युन, राहू दे पोरी. घरी देव्हाऱ्यात त्याची पाटी आहे ना? तिथं तो सुखी आहे. इथं आणू नकोस त्याला."

"का? तुमच्या पाटीशेजारी लागेल म्हणून?"

"शेजारी लागली तर मला आनंदच आहे."

"मग सांगा सगळ्यांना, त्या दिवशी काय केलंत ते."

"दगडावर जे उमटलं ते मी सांगितलं."

"दगडावर खोटं उमटत नाही. माणूस खोटं बोलतो."

 ते माझ्याकडे पाहत राहिले, म्हातारी माणसं लहान मुलांकडे पाहतात तसे, आणि एकदम म्हणाले, "तुझी छाती आता कशी आहे? पावसात त्रास होतो का?"

इतका कोडगेपणा मी पाहिला नव्हता. ज्याच्या घराची राखरांगोळी केली त्याच्या मुलीला तब्येत विचारायची. शाळेत कुणी असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

२६ जानेवारी

आईला सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती भाजी निवडत होती, हात थांबले.

म्हणाली, "कुणाला विचारून गेलीस?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? बाबांसाठीच करतेय, आणि तुझ्यासाठी. इतकी वर्षं वळसा घालून चाललीस. आता सरळ रस्त्यानं चाल.

"मोकला त्रास देऊ नकोस. त्या वर्षी तू…" एवढं म्हणाली आणि पालेभाजीच्या देठांकडे बघत बसली.

त्या वर्षी मी आजारी होते हे मला ठाऊक आहे, तिनं मला हजारदा सांगितलंय. पेनांगहून यायची ती महागडी इंजेक्शनं, बर्फाच्या डब्यातून, आणि मी सुई पाहून कशी किंचाळायचे. कुठलाही विषय निघाला की म्हातारी माणसं त्याच एका खुंट्याला येऊन बांधली जातात. मी तिला म्हटलं, आई, विषय माझ्या आजारपणाचा नाही, बाबांच्या अब्रूचा आहे. 

२० फेब्रुवारी, शनिवार

चिनी नव्या वर्षाच्या गडबडीत लिहिणं राहिलं. चार माजी विद्यार्थी पाया पडून गेले. लॅम यांनी भेट पाठवली. सभेची बैठक सात मार्चला ठरली आहे.

आज बँकेतून परतले तर टेबलावर दोन संत्री, आणि मोरीत दोन पेले धुऊन पालथे घातलेले. आईला विचारलं कोण आलं होतं. म्हणाली, कुणी नाही. मग मी संत्र्यांकडे नुसती बघत राहिले तेव्हा म्हणाली, मोक.

माझ्या अंगाची लाही झाली. मी घरात नाही असं बघून आला. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला गाठून दम द्यायला! काय म्हणाला, असं विचारलं. आई सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत होती.

"मी त्याला सांगितलं, पोरीला काय ते सांगून टाक. नाही म्हणतो. माझं ऐकत नाही. तुझ्या बापानंही तेव्हा माझं ऐकलं नव्हतं, सांगू दिलं नव्हतं मला."

म्हणजे आईच्या मते मोकनं कबूल व्हावं. आणि तो कबूल व्हायला तयार नाही. बरं झालं, निदान आई माझ्या बाजूची आहे.

संत्री मी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

७ मार्च, रविवार

जिंकले.

क्रमानं लिहिते, नाहीतर काहीतरी राहील. सभा दुपारी भरली. गोल टेबलाभोवती पंधरा-सोळा जण, सगळे पुरुष. मला भिंतीशी खुर्ची दिली. वर्तमानपत्राचा एक मुलगा कॅमेरा घेऊन आलेला, लॅम यांनी बोलावलेला. लॅम यांनी विषय वाचून दाखवला आणि मोककाकांना विचारलं, काही सांगायचंय का?

ते उठले. आज धुवट पांढरा सदरा घालून आले होते, गळ्याशी बटण लावलेलं. मला वाटलं, पुन्हा तेच ते दगडाचं सांगणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ते म्हणाले, "थोंग याउचं सोनं खरं होतं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

 लॅम यांनी विचारलं, पण का?

"त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता."

टेबलाच्या त्या टोकाला म्हातारा सिउ होता. तेव्हा सभेत शिकाऊ पोर होता म्हणे. तो म्हणाला, "मोकदादा, मी तिथं होतो. पाणी द्यायला उभा होतो. तुटलेली बांगडी माझ्या नजरेसमोर होती. आत लालभडक तांबं होतं. हे काय बोलताय तुम्ही?"

"ती बांगडी मी बदललेली होती."

"कधी बदललीत? नवरीच्या हातातून सरळ सभेत आली ती."

"बदलली होती म्हणतो ना," मोककाका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सिउ, आजवर माझा शब्द कधी पारखून घेतलास? मग आज कशाला घेतोस?"

सिउ खाली बसला. त्यानं मोककाकांकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते माझ्याकडे, असं की मीच काही चोरलं आहे. जुन्या लोकांना आपल्या माणसाचं पाप पचत नाही, दुसरं काय.

मग लॅम यांनी बाबांचं नाव परत घेतल्याचं जाहीर केलं, आणि खोटा कस सांगणाऱ्याचं काय करायचं असाही नियम आहे, तोही वाचला. वाचताना थोडे अडखळले. मोककाकांचं नाव काढलं. हात वर करा म्हटल्यावर सिउ सोडून सगळ्यांनी केले. मोककाकांनी स्वतःसुद्धा केला. मला हसू आलं, सवयच ती.

जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता क्षमा मागतील. त्यांनी फक्त विचारलं, "आता बरं वाटलं ना?"

 वर्तमानपत्राच्या मुलानं माझा देव्हाऱ्यापुढे फोटो काढला.

८ मार्च

पेपरात आलं. 'चाळीस वर्षांनी न्याय.' फोटोत मी फार कडक दिसते.

आईला वाचून दाखवलं. मोककाका काय बोलले ते ऐकताना तिनं तोंडावर हात घेतला आणि रडायला लागली. इतके दिवस साचलेलं, एकदाचं वाहून गेलेलं बरं. मी पाठीवरून हात फिरवला. ती सारखी एकच म्हणत होती, "मीच म्हटलं होतं त्याला. काहीही कर, म्हटलं होतं, पण कर."

म्हणजे तेव्हा आईनं बाबांना लढायला सांगितलं होतं आणि बाबा लढले नाहीत. ही एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी तिला म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, तू बरोबरच बोललीस. शेवटी कुणीतरी लढलंच ना?

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

५ एप्रिल, छिंगमिंग

बाबांची पाटी लागली. डुकराचं भाजलेलं मांस, कोंबडी, दारूचे तीन पेले, सगळं यथासांग. अक्षरं फार छान उठली आहेत. मी तीनदा वाकले. मला वाटलं होतं, डोळे भरून येतील. नाही आले. पावसानं चौक ओला झाला होता, पाय घसरू नये याकडेच निम्मं लक्ष.

आई आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

पाटीसाठी नवी जागा लागलीच नाही. लाल कागदाची जी एक काढली तिच्याच जागी बाबांची बसवली. काढलेली पाटी कुणाला द्यायची हे ठरेना, तेवढ्यात मोककाका स्वतःच आले, दाराबाहेर उंबऱ्याच्या पलीकडे उभे राहिले. आता आत येता येत नाही त्यांना. सिउनं पाटी नेऊन दिली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, काखेत धरली, आणि तिथूनच आतल्या दिशेला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे बघून नव्हे. बाबांच्या पाटीकडे बघून.

नाटक करायची हौस काही माणसांना शेवटपर्यंत असते.

२ मे, रविवार

लॅम यांच्या आग्रहावरून आता रविवारची माहिती मी सांगते. मोककाकांची खुर्ची रिकामीच होती. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्नच होता, तो सुटला. आधी इमारत, मग कसोटीचा दगड, मग बाबांची गोष्ट. लॅम म्हणतात लोक गोष्टीसाठीच येतात. मोककाकांचं नाव मी घेत नाही, 'एक मत्सरी गुरुबंधू' म्हणते. पण पाहुण्यांतलं कुणीतरी विचारतंच, तो जिवंत आहे का? मग सांगावं लागतं.

हल्ली त्यांच्या दारात कुणी भांडण घेऊन जात नाही म्हणे. बाजारात मासेवाल्यानं त्यांच्यासमोर वजन दोनदा करून दाखवलं आणि लोक हसले. शेजारीण सांगत होती. 

आई हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते.

१६ मे, रविवार

मोककाका शुक्रवारी गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

आज सकाळी त्यांना न्यायचं होतं. सभेचा माणूस गेला की सभा आपलं निशाण पाठवते, वाजंत्री पाठवते. यांच्यासाठी काही पाठवायचा प्रश्न नव्हता. लॅम यांनी मला फोन करून विचारलं होतं, तुमची हरकत नसेल तर निदान हार पाठवू का. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

आई कालपासून मागे लागली होती, मला घेऊन चल. मी सांगितलं, मला सभाघरात जायचंय, मलेशियाभरच्या शिक्षकांचा मोठा गट येतोय, आणि तसंही त्या घरी आपण जायचं काही कारण नाही.

ती म्हणाली, "तुझा बाप असता तर पुढे होऊन खांदा दिला असता."

मी म्हटलं, बाबांचा स्वभाव तसा होताच, पण माझा नाही.

शिक्षकांनी गोष्ट फार मन लावून ऐकली. संपल्यावर टाळ्या वाजवल्या. एका तरुण शिक्षिकेनं डोळे पुसले आणि म्हणाली, तुमच्यासारखी मुलगी प्रत्येक बापाला मिळो. वाजंत्रीचा आवाज नव्हता, तरी अंत्ययात्रा पुढच्या रस्त्यानं गेली तेव्हा कळलं, कारण सिउ माहितीच्या मध्येच उठून टोपी हातात घेऊन बाहेर गेला आणि परत आला नाही.

घरी आले तर आई नव्हती. शेजारीण म्हणाली, सायकलरिक्षा बोलावून एकटीच गेली. ऊन कलल्यावर आली. रिक्षावाल्यानं हात धरून उतरवली. चपलांना दफनभूमीची लाल माती, आणि डाव्या बाहीवर टाचणीनं लावलेला गोणपाटाचा चौकोनी तुकडा.

मी म्हटलं, "आई, हा सुतकाचा तुकडा घरच्या माणसांनी लावायचा असतो. लोक काय म्हणतील?"

"हो," ती म्हणाली. "घरच्यांनीच."

मी टाचणी काढायला हात पुढे केला. तिनं माझा हात धरून बाजूला केला. जोरात नाही. पण आजवर तिनं माझा हात असा कधी बाजूला केला नव्हता.

जेवताना तुकडा तसाच होता. ती माझ्या समोर बसली नाही, खिडकीपाशी बसून जेवली. उद्या तिला डॉक्टरांकडे नेऊन आणायला हवं. वय झालंय तिचं, कुणाला काय मानावं हे आता कळेनासं झालंय.